दुखण्याचा माड

माझ्या बायकोच्या मामांइतका आजारपणाचा गंभीर विचार केलेला आणि स्वतः मात्र आजारी पडायला साफ नकार दिलेला माणूस अख्ख्या मालवण तालुक्यात दुसरा झाला नसेल. खाडीपलीकडच्या वाडीत ते राहत. तरुणपणी मचव्यावर, म्हणजे शिडाच्या मालवाहू गलबतावर, तांडेल म्हणजे कप्तान होते, रेडीपासून मुंबईपर्यंतचा किनारा त्यांना तोंडपाठ होता. मचवे बंद झाल्यावर ते घरी आले आणि मग वाडीलाच मचवा समजून चालवू लागले. कुणाला ताप आला की ते म्हणत "पाणी शिरला", आणि माणूस बरा होऊन अंगणात दिसला की "सुकलो". ओटीवर मचव्याची पितळी घंटा टांगलेली होती. ती वाजली की वाडीतली धट्टीकट्टी माणसं हातातलं काम टाकून येत, कारण कुणाला तरी खाडीपार न्यायचं असे.

नेण्याचं साधनही मामांचंच होतं. मामींनी माहेराहून आणलेली एक शिसवी आरामखुर्ची होती. तिच्या दोन्ही बाजूंना मामांनी बांबू असे घट्ट बांधले होते की ते पुन्हा कधी सुटले नाहीत. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्या घरी गेलो तेव्हा मोठ्या मानाने मला त्या खुर्चीवर बसवलं. मी सरबताचा पेला हातात घेतो न घेतो तोच चार गडी पुढे आले, बांबू खांद्यावर घेतले आणि मला विहिरीला वळसा घालून परत आणून ठेवलं. बांबू नवे होते आणि त्यांना वजनाने तोलून बघायचं होतं. सरबत माझ्या नव्या शर्टावर सांडलं. मामा समाधानाने म्हणाले, "सरकारी माणूस पेललो, म्हणजे आता कोणय पेलतलो."

हा सरकारी माणूस म्हणजे पंचायत समितीतला एक साधा कारकून. पण मामांच्या लेखी सरकार म्हणजे मीच. मला मुळातच अपराधी वाटून घ्यायची सवय आहे. शेजारच्या घरात दूध उतू गेलं तरी आपल्याकडून काही राहिलं का, असं मला वाटतं. त्यात सिंधुदुर्ग जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, आणि नवा जिल्हा म्हणजे म्हाताऱ्यांच्या आणि अपंगांच्या औषधपाण्यासाठी काहीतरी नवं येणार अशी मामांची खात्री होती. मी होडीतून उतरलो की ते किनाऱ्यावरूनच विचारत, "काय जावयबापू, सरकार काय म्हणता?" निराधारांना महिन्याचं थोडं अनुदान होतं, पण ते पोटापुरतं. दुखण्याखुपण्यासाठी सरकार काहीच म्हणत नव्हतं. ते मी खाली मान घालून सांगे, आणि सबंध महाराष्ट्र शासनाच्या वतीने मला लाज वाटे.

सरकार बोलत नाही म्हटल्यावर मामांनी विम्याची चौकशी केली. कुणाच्या तरी ओळखीने सावंतवाडीहून एक एजंट आला. टेरेलीनचा शर्ट, शुद्ध मराठी. मामांनी आपल्या थोरल्या बहिणीला, आक्काला, पुढे आणून बसवलं. आक्का सत्तरीपुढची, दोन्ही डोळ्यांनी आंधळी. शेजारी बसला फ्रान्सिस, वाडीतला शिंपी, ज्याचा एक पाय लहानपणीच्या तापाने वाळून गेला होता. एजंटाने दोघांकडे बघितलं आणि फार गोड शब्दांत सांगितलं, की ठरावीक वयापुढे कंपनी घेत नाही, आणि आधीपासून व्यंग असेल तर तेही घेत नाही. मामा म्हणाले, "म्हणजे जो आजारी पडाचो नाय, तेचोच तुमी आजाराचो विमो उतरवतास. बरा आसा. चाय घेवा, आणि होडी सुटाच्या आदी निघा."

एजंटाची होडी दिसेनाशी व्हायच्या आत मामांनी वाडीचा स्वतःचा विमा काढला होता. प्रत्येक घराने आपल्या परसातला एक माड द्यायचा. माड तुमच्याच जागेत राहील, पण त्याचे नारळ आजाऱ्यांचे. अशा माडाला चुन्याचा पांढरा पट्टा ओढायचा, आणि त्याचं नाव 'दुखण्याचो माड'. कुठला माड द्यायचा ते मात्र घरधन्याने ठरवायचं नाही, मामांनी ठरवायचं. लोक अर्थातच किडलेला, वाकलेला, वांझ माड दाखवत. मामा काठीने खोडावर टकटक करत पुढे जात आणि विहिरीजवळच्या, सांडपाण्यावर पोसलेल्या, नारळांनी लगडलेल्या माडाशी थांबत. एका बाईने तो माड देवाला सोडला असल्याचं सांगून पाहिलं. मामांनी हात जोडले आणि विचारलं, "देव कदी खुर्येत बसान दवाखान्यात गेलेलो बघलंस काय गो?" संध्याकाळी त्या माडालाही चुना लागला.

नारळांचे पैसे आक्काकडे असत. मामांचं म्हणणं, तिच्यासमोर रडवेला चेहरा करून काही उपयोग नाही, म्हणून तिच्याइतका चांगला खजिनदार मिळणार नाही. खरोखर आजारी कोण हे ठरवायची पद्धत मामांनी मचव्यावरून आणली होती. तिथे एखादा खलाशी कण्हू लागला की ते त्याच्यापुढे बांगड्याचं तिखलं, म्हणजे झणझणीत कालवण, ठेवत. त्याने ताट दूर सारलं तर त्याला निजू देत. खाल्लं, तर शिडाच्या दोरावर पाठवत. वाडीतही तोच कायदा. घंटा वाजवायच्या आधी मामींनी केलेलं तिरफळं घातलेलं तिखलं घेऊन मामा आजाऱ्याच्या उशाशी जात आणि झाकण काढून गप्प बसत. एका म्हाताऱ्याला मालवणला लेकीकडे फुकट जायचं होतं. गुडघा धरून तो असा काही विव्हळला की शेजारच्या बायका डोळे पुसू लागल्या. झाकण निघालं, वास दरवळला, आणि विव्हळणं हळूहळू थांबलं. ताट लख्ख करून तो आपल्या पायांनी होडीकडे चालत गेला, आणि जाताना मामींना चव चांगली झाल्याचं सांगून गेला.

कायद्यात अडचणीही पुष्कळ होत्या. सोमवारी कुणी मासे खात नाही, म्हणून सोमवारच्या आजाऱ्याला मंगळवारपर्यंत थांबावं लागे. देवळातले भटजी मासे खातच नाहीत, त्यांच्यासाठी शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया, आणि नारळाचा गोड रस ठरला. श्रावणात काय करायचं असं मी विचारलं तर मामा म्हणाले, श्रावणात बांगड्यावाचून अख्खी वाडीच आजारी असते, परीक्षा कुणाची घेणार? खरा पेच पडला तो फ्रान्सिसचा. त्याला पायासाठी लोखंडी पट्ट्यांचा बूट हवा होता. त्याच्यापुढे ताट ठेवलं तेव्हा त्याने ते रीतसर संपवलं आणि बोटं चाटत म्हणाला, "मामा, पाय सुकलो म्हणान भूक सुकणा नाय."

मामांना ते मनोमन पटलं, पण पुराव्याशिवाय मंजुरी द्यायची नाही हा त्यांचा बाणा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मामींच्या जुन्या लुगड्याने आपला उजवा पाय मांडीशी बांधला आणि काठी टेकत बाजाराला निघाले. मी नेमका त्या दिवशी तिथे होतो. सोबत म्हणून मागे चाललो, आणि माझे दोन्ही पाय धड आहेत याची मला वाटभर शरम वाटत होती. पहिल्या बांधावर ते तोल सावरून गेले, दुसऱ्यावर बायकांनी वाट सोडली, तिसऱ्यावरून काठीसकट खालच्या चिखलात गेले. मी धावलो. चिखलाने भरलेल्या चेहऱ्यातून आवाज आला, "जावयबापू, फ्रान्सिसाचो दावो मंजूर. आता माका उठवा."

सगळं असं मजेत चाललं होतं. वाडीतल्या कितीतरी म्हातारपणांना त्या माडांनी खाडीपार नेऊन आणलं. आणि एके दिवशी स्वतः मामा अंथरुणावर दिसले. दोरखंड ओढून ओढून त्यांना अंतर्गळ झाला होता, पोटातलं आतडं खाली उतरत होतं. ते त्यांनी कंबर करकचून आवळून बरीच वर्षं लपवलं होतं. त्या दिवशी ते जागच्या जागी अडकलं. चेहरा राखेसारखा झालेला, कपाळावर घाम, पण प्रश्न विचारला की उत्तर एकच, "काय जाला नाय. वारो धरलो." मामींनी मला बाजूला घेऊन खरं कारण सांगितलं. फ्रान्सिसच्या पायाच्या मोठ्या शस्त्रक्रियेसाठी त्या वर्षीचे सगळे नारळ राखून ठेवले होते. मामांच्या दुखण्याला गोव्याचं इस्पितळ लागणार, आणि दोन्ही एका वर्षात जमणार नाही, हा हिशेब त्यांनी मनाशी करून टाकला होता. फ्रान्सिस स्वतः उंबऱ्यात बसून होता. माझा पाय कुठे पळून चाललाय, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता, पण मामा ऐकून न ऐकल्यासारखं करत होते.

मी घंटेकडे जायला उठलो. मामांनी मला हाताने थोपवलं आणि कायद्याची आठवण करून दिली. आधी ताट. मामींनी डोळे पुसत तिखलं वाढून आणलं. मामा भिंतीला टेकून उठून बसले आणि आम्हा सगळ्यांच्या देखत जेवू लागले. एकेक घास पाण्याच्या घोटाबरोबर तोंडात जात होता, चेहऱ्यावर हसू होतं, आणि मी काही करू शकत नव्हतो. त्यांनीच केलेल्या कायद्याने ते निरोगी ठरत होते. ताट अर्धं संपलं तेव्हा खांबाला टेकून बसलेली आक्का बोलली.

"मेल्या, चावतस खंय? पाण्यावांगडा गिळतस."

"चावूक कित्या व्हया? बांगड्याक काटेच नाय आज."

"काटे नसलेलो बांगडो आपल्या बापाशीन तरी बघललो काय?" आक्का म्हणाली. "जेवताना तुजी मचमच शेजारच्या वाडयेत ऐकाक येता. आज पेलो तेवढो वाजता. जावयबापू, घंटा मारा."

मामांनी तोंड उघडलं ते बोलण्यासाठी, पण गिळलेलं सगळं तेवढ्यात बाहेर आलं, आणि वादाला जागाच उरली नाही. मी घंटा इतक्या जोरात वाजवली की तिची दोरी माझ्या हातात आली. मामांना त्यांच्याच खुर्चीत घातलं तेव्हा ते गड्यांना कुठला बांबू कुणी धरायचा ते सांगत होते. खाडीतून, मग जीपमधून गोव्याला पोचेपर्यंत फ्रान्सिस नवा बूट घालून त्यांच्या शेजारी बसला होता. फ्रान्सिसची शस्त्रक्रिया एक वर्ष लांबली. ते वर्षभर मामा त्याच्यासमोरून जाताना चोरासारखे जात, आणि अपराधी वाटणं हा माझा एकट्याचा मक्ता नाही हे पाहून मला थोडं बरं वाटे. पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःच्या परसातल्या आणखी एका माडाला चुना लावला, आणि फ्रान्सिसला खुर्चीत घालताना पुढचा बांबू हट्टाने आपल्याच खांद्यावर घेतला. चार पावलांवर तो गड्यांनी काढून घेतला.

त्यानंतर मामा काही वर्षं छान जगले. गेल्या मे महिन्यात आम्ही सुट्टीला गेलो होतो. दुपारी पानं मांडली, मामींनी तिखलं वाढलं. मामांना कसलंच दुखणं नव्हतं, फक्त हल्ली ते फार हळू चालत. त्यांनी ताटाकडे बराच वेळ पाहिलं, वास घेतला, आणि ते आक्काच्या पुढे सरकवलं. "तू खा गो," ते म्हणाले, "माका नको." आक्काचा हात भातावरच थांबला. कुणीही परीक्षा घेतली नव्हती, तरी मामांनी ताट दूर सारलं होतं. मी घंटेकडे बघितलं, तेव्हा मामांनी मान हलवली. खाडीपार नेऊन आणण्यासारखं आता काही नाही, हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं.

पावसाळ्यात मामा गेले. तो संपल्यावर मी एकटाच त्या वाडीत गेलो. फ्रान्सिस एका हातात चुन्याची बादली आणि दुसऱ्या हातात काठी घेऊन घरोघरच्या माडांवरचे पट्टे नवे करत फिरत होता. होडीतून उतरल्यावर किनाऱ्यावर कुणी हाक मारली नाही. सरकार काय म्हणतं, असं कुणी विचारलं नाही. उत्तर मात्र मी सवयीने तयार ठेवलं होतं.