साखऱ्याच्या मामांनी रिकामी केलेली टाकी

आमच्या साखऱ्याच्या मामांइतका पाण्याला जपणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा झाला नसेल, आणि हे मी अशा मुलखाबद्दल सांगतो आहे जिथं पाणी सगळेच जपून वापरतात. मामा म्हणजे माझ्या आईचे चुलतभाऊ, राहायला साखरा गावात. विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. नळ बंद केला की ते दोन मिनिटं त्याच्याकडे बघत उभे राहायचे, शब्द फिरवण्याची सवय असलेल्या माणसाकडे बघावं तसे. पंगतीत वाढपी पाण्याचा जग घेऊन आला की पेला हातात उचलून धरायचे. जमिनीवरच्या पेल्यात उभ्यानं पाणी ओतणारा वाढपी त्यांच्या मते जेवणाराच्या धोतराचा वैरी. एकदा सेनगावच्या एसटीत एका बाईंचा तेलाचा डबा ठिबकत होता. मामांनी कंडक्टरला गाडी थांबवायला लावली, पिशवीतून अंगाचा साबण काढला, त्याची गोळी मळून डब्याच्या भोकात बसवली आणि मगच घंटी मारू दिली. गाडीतले लोक वैतागले होते. मामा शांतपणे म्हणाले, "पुसायचं मागून. आधी काहून गळतं ते पाहावं."

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी हिंगोलीत एका हाडांच्या डॉक्टरांकडे कागदपत्रं सांभाळायला होतो. दवाखान्याच्या मागच्या बाजूला डॉक्टरांनी खोलीएवढा, छातीभर पाण्याचा हौद बांधून घेतला होता. पाण्यात अंगाचा भार हलका होतो, म्हणून पाय मोडलेली माणसं त्यात चालायचा सराव करत. हौदाचं पाणी गाळणारी वाळूची टाकी बाहेर जागा नसल्यामुळे आतल्या बोळात उभी केलेली, चांगली माझ्या खांद्याएवढी. हौदाकडे जाणाऱ्या प्रत्येकाला काठी टेकत त्याच बोळातून जावं लागे.

वाळू तुंबली आणि पाणी गढूळ झालं, तेव्हा गावातला एक मिस्त्री आला. त्यानं सरळ टाकीच्या तळाचं बूच काढलं. बोळात घोटाभर पाणी झालं, पांढऱ्या फरशीवर वाळूचा चिखल पसरला, आणि नेमक्या त्याच वेळी हौदातून परतणाऱ्या एका शिक्षिकाबाईंची काठी घसरली. मी धरलं म्हणून त्या भिंतीला टेकल्या, हाड शाबूत राहिलं; पण त्यांचा धीर मोडला. मिस्त्री घाबरून बूच परत बसवून पळाला. बाई कनेरगाव नाक्याच्या शाळेत गणित शिकवायच्या. मांडीचं हाड मोडलेलं. आणखी महिनाभर पाण्यात चालल्या नाहीत तर पाय कायमचा आखडेल, असं डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं. तरी त्या येईनाशा झाल्या. डॉक्टर स्वतः घरी जाऊन आले. बाई त्यांना एवढंच म्हणाल्या, "फरशी तुमची आहे डॉक्टर, पाय माझा आहे."

मी मामांना बोलावून आणलं. मामांनी टाकीभोवती तीन फेऱ्या मारल्या, तिला कान लावला, मग मला बाई कुठं पडता पडता वाचल्या ते विचारून त्या फरशीवर थोडा वेळ बसले. काम दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू झालं. आधी त्यांनी पंप बंद केला, येणाऱ्या-जाणाऱ्या दोन्ही नळ्यांच्या चाव्या फिरवल्या आणि टाकीच्या डोक्यावरची हवेची चावी सैल करून तिला श्वास सोडू दिला. नंतर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा त्यांनी तळाच्या बुचावर बाहीसारखा चढवून तारेनं आवळला, त्याच्या दुसऱ्या तोंडाला लांब नळी जोडली आणि ती मागच्या दाराचा उंबरठा ओलांडून पायऱ्यांखालच्या शेवग्यापर्यंत नेली. एवढं झाल्यावर रबरावरूनच बूच धरून त्यांनी ते हळूहळू पिळलं. नळी जराशी फुगली, आणि थोड्या वेळानं शेवग्याच्या आळ्यात गढूळ पाणी पडू लागलं. घाई करा म्हटलं तर मामा ऐकत नसत. "त्याच्या चालीनं येऊ दे," एवढंच बोलले.

नळी वाहत असतानाच पुढच्या दाराशी रिक्षा थांबली. बाई आपले कागद परत न्यायला आल्या होत्या. नांदेडला दाखवायचं म्हणत होत्या. मी त्यांना आत या म्हणालो. त्यांना बोळाच्या टोकाची टाकी दिसली, फरशीवरची नळी दिसली, आणि त्या उंबऱ्याबाहेरच थांबल्या. मामांनी हे पाहिलं. ते समोरच्या दुकानात गेले आणि पांढऱ्या मोज्यांचा नवा जोड घेऊन आले. जन्मभर चपलेशिवाय काही न घातलेल्या त्या माणसानं पायरीवर बसून मोठ्या कष्टानं ते मोजे चढवले, टाचेची बाजू एकदा पुढे आली म्हणून काढून परत घातले. मग पूर्ण बोळ ते चालून गेले, टाकीला वळसा घालून परत आले, आणि बाईंसमोर पायरीवर बसून दोन्ही पाय उचलून त्यांनी तळवे दाखवले.

"पाहून घ्या बाई," ते म्हणाले. "ओलं असंल तर येऊ नका."

बाई वाकून, वही तपासावी तशा, त्या तळव्यांकडे बघत राहिल्या. मला वाटलं हसतील. त्या हसल्या नाहीत. त्यांनी काठी आत टेकली, एक पाऊल टाकलं, थांबल्या, दुसरं टाकलं. मामा त्यांच्या मागून हाताभर अंतर राखून चालत होते. माझ्या टेबलाशी पोचल्यावर बाईंनी कागद मागितले नाहीत. हौद कधी चालू होणार, ते विचारलं. मामांनी वाळू बदलायला अजून एक दिवस मागून घेतला.

पुढे डॉक्टर गाव सोडून गेले, हौद बुजवला गेला, मीही दुसरी नोकरी धरली. काही वर्षांनी मामा गेले. दहाव्याला आम्ही साखऱ्यात जमलो होतो, तेव्हा फाट्याकडून एक बाई एकट्याच चालत येताना दिसल्या. हातात काठी नव्हती. पाय किंचित ओढत होता, पण वाट चांगली दोन मैलांची होती. मामी त्यांना ओळखत नव्हत्या. पाणी देऊन त्यांनी विचारलं, "तुमी कोन लागता त्यांच्या?"

बाईंनी पाणी पिऊन पेला खाली ठेवला. मग म्हणाल्या, "लागत काही नाही. पण जीप मिळत होती, तरी मी चालत आले."

मामींना ते कळलं नसावं. तरी त्यांनी बाईंचा हात धरून त्यांना आपल्याजवळ बसवून घेतलं.