बोरन्हाणाला न रडलेली मुलगी

माझ्या पहिल्या मुलीचे वजन मी दर आठवड्याला किराणा दुकानाच्या तराजूवर करीत असे. घाटंजीला माहेरी होते तोवर ते नियमाने वाढले. चौथ्या महिन्यात पांढरकवड्याला सासरी आले, तेव्हा ते थांबले आणि मग घसरू लागले. आई तीच, दूध तेच; बदलले होते फक्त घर.

निष्कर्ष मात्र आत्याबाईंनी काढला. यजमानांच्या या विधवा आत्या. गल्लीतले प्रत्येक तान्हे मूल त्यांच्याच पायांवर न्हाई आणि त्यांच्याच हातची गुटी चाटे, हा त्यांचा मान होता. "रसायनशास्त्र शिकली ना थे नागपूरले. वाचून वाचून दूध पातय झालं," असे त्या येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना सांगत. एम.एस्सी.ची जागा सोडून मी मूल वाढवीत होते, आणि तेही मला जमत नाही, हे रोज ऐकत होते.

संक्रांतीनंतर मुलीचे बोरन्हाण केले. डोक्यावरून बोरे, चुरमुरे पडू लागले की मुले दचकतात, रडतात. माझी मुलगी मांडीवर मान टाकून होती. एक बोर कपाळावर आपटले. तिची पापणीही हलली नाही.

"गुणाची हाय पोर," एक शेजारीण म्हणाली.

"माह्या गुटीचा गुण हाय थो," आत्याबाई म्हणाल्या.

मी मुलीची पापणी वर केली. खोली अंधारी होती. डोळ्यातली बाहुली मोठी असायला हवी होती. ती मोहरीहून बारीक होती. मी तशीच अनवाणी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तपासून एकच शब्द उच्चारला: अफू.

कापूस वेचायला जाणाऱ्या बाया मूल धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, निजवताना जी अफूची बाळगोळी देत, तीच आमच्या गुटीत रोज उगाळली जात होती. त्या बायांना दुसरा उपाय नव्हता. आमच्या घरात मूल घ्यायला मांड्या रिकाम्या होत्या. आत्याबाईंना हवे होते ते मूल शांत राहिल्याचे श्रेय.

संध्याकाळपर्यंत डॉक्टरांनी मुलीला झोपू दिले नाही. अखेर गुंगी उतरली, तशी ती भुकेने किंचाळली. तिला पाजता पाजता मी पुढचे ठरवले. घरात भांडून काही साधणार नव्हते; मला साक्षीदार हवे होते.

तोवर मुलीला मी आत्याबाईंच्या हाती दिले नाही. चार दिवसांनी समोरच्या घरी बोरन्हाण होते. आत्याबाई सहाण घेऊन बसल्या. हळकुंड उगाळले, वेखंड, जायफळ उगाळले आणि मग बटव्यातून काळी गोळी काढली. मी त्यांचा हात धरला.

"आत्याबाई, ही आधी तुम्ही चाटा."

"काहून? मी का तान्हं लेकरू आहो?"

"लेकराला चालते, मग तुम्हाला का नाही?"

"मले नाही झेपत थे. गरगरते."

त्या घरच्या सुनेने आपले मूल उचलले आणि ती आत निघून गेली. मला आणखी एक शब्दही बोलावा लागला नाही.

त्यानंतर गल्लीत कोणीही आत्याबाईंना मूल न्हाऊ घालायला बोलावले नाही. मुलीचे वजन पुन्हा वाढू लागले. आता मला दया दाखवता आली असती. मी दाखवली नाही.

दोन वर्षांनी दुसऱ्या बाळंतपणानंतर तान्ह्या मुलाला घेऊन मी माहेरून परतले. आत्याबाई रोज सकाळी पदर खोचून न्हाणीच्या दाराशी उभ्या राहत. मी त्यांना पाणी तापवायला सांगे, ते आत आणवून घेई आणि दार लावी.