बाकासमोरचं हसू

विकास नगरच्या बागेत एक मुलगी रोज सकाळी उंच टाचांच्या चपला घालून चालायची. देशाच्या सौंदर्यस्पर्धेत तिची निवड झाली होती. चाल ऐटदार, पण हसू ओढून आणलेलं. एकदा माझ्या बाकासमोर थांबून म्हणाली, "आंटी, सब कहते हैं स्माइल नकली है. आप बताइए."

हिंदी मुलुखात राहायला येऊनही मला हिंदी बोलायची भीती वाटायची. मी मान खाली घालून मराठीतच पुटपुटले, "छान."

हिंदीत छानना म्हणजे गाळणं.

"क्या छानूँ, आंटी? चाय?"

दोघी पोट धरून हसलो. मग मी धीर करून म्हटलं, "बेटा, यही हँसी ले जाना."

फायनल मी टीव्हीवर बघितली. स्टेजवर येताच तिचे ओठ जरासे हलले आणि तेच हसू फुललं. ती काय पुटपुटली, ते मला घरबसल्या कळलं.