मे महिन्यात लोकरीच्या टोप्या

नंदनवनच्या भिशीवाल्या मैत्रिणींनो, आपण सगळ्यांनी मिळून विणलेल्या चाळीस टोप्या घेऊन मी आज दुपारी धर्मशाळेत गेले. कॅन्सरचे उपचार चालू असलेली मुलं तिथे आईवडिलांसोबत राहतात. औषधांनी त्यांचे केस गळतात, म्हणून टोप्या. बाहेर पंचेचाळीस डिग्री आहे, हे महिनाभर विणताना आपल्यापैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही.

उमरेडच्या एका आठ वर्षांच्या पोरीने टोपी उलटीसुलटी करून पाहिली. म्हणाली, "काकू, आधी तुम्ही घालून दाखवा."

घातली. पाच मिनिटांत घामाने माझी आंघोळ झाली आणि ती पोट धरून हसत होती.

तिच्या आईने हळूच विचारलं, "ताई, वाईट नका मानू, पण कूलरची खस बदलून देता का? नुसती गरम हवा फेकून राहिला. पोरीले झोप नाही येत."

मी ओशाळून म्हटलं, "हो, देते. टोपी राहू दे, हिवाळ्यात कामी येईल."

पोरगी म्हणाली, "हिवाळ्यात तं माहे केस आलेले राहतीन."

चाळीसही टोप्या परत आणल्या आहेत. जिची तिने घेऊन जा. उद्या खस बदलायला माझ्यासोबत कोण येतंय?