नाकातली नळी

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. जसं झालं तसं लिहितो.

बायको धुळ्याच्या दवाखान्यात वारली, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क असतानाच. तेव्हापासून ऑक्सिजनची नळी दिसली की मी तोंड फिरवतो. तिचं वर्षश्राद्धही झालं नव्हतं, आणि तान्ह्या नातीला डबा झाला. लहान पोराच्या छातीत कफ भरून धाप लागली की आमच्याकडे डबा म्हणतात. पोरीचं पोट नुसतं उडत होतं, श्वासागणिक बरगड्यांखाली खड्डा पडत होता. लेकीकडे आलेल्या विहीणबाई म्हणाल्या, ओवा गरम करून शेका, बसेल. सुनेनं ऐकलं नाही. पोरीला पदराखाली घेतलं आणि पारोळ्याहून मिळाली ती एसटी धरून आम्ही तिघांनी जळगावचा सरकारी दवाखाना गाठला. मुलगा रावेरची केळी भरून ट्रकवर लांब गेलेला. घरातला पुरुष म्हणून मीच.

शेजारच्या खाटेवर सातपुड्याच्या पायथ्याचं एक कुटुंब होतं. त्यांच्या पोराच्या नाकात तीच नळी. दुपारी ते पोर गेलं. आई रडली नाही, त्याचे तळपाय चोळत राहिली.

थोड्या वेळानं सिस्टर आमच्या खाटेशी आली. हातात नळी.

विहीणबाईंनी नातीला उचलून छातीशी धरलं. "ती नळी नको! नळी लावतस अन् पोरं जातस. आत्तेच दखं मी. चाल वं, घर जाऊ."

"मावशी, नळीनं कुणी मरत नाही. श्वास कमी पडतोय तिला. वेळ घालवू नका," सिस्टर म्हणाली.

"बठ्ठा डॉक्टर-सिस्टर असंच सांगतस."

सून माझ्याकडे बघत होती. "आबा, तुम्ही सांगा."

मला विहीणबाईंचंच पटत होतं. मी उठून बाहेर आलो. जिन्यापाशी त्या गेलेल्या पोराचा बाप बसला होता, गाडीची वाट बघत. अशा माणसाला काही विचारू नये, एवढं मलाही कळतं. तरी विचारलं. "भाऊ, नळी लावल्यावर बिघडलं का?"

तो चिडला नाही. "नही आबा. नळी लाई तव्हय जरासा शांत झोपना. पण आम्ही गंज दिन, आठ-दहा दिन घरमाच ठेवं. भगतकडे गवूत, मंग आठे दवाखानामा. पोऱ्यामा काही उरेलच नव्हतं."

एवढं बोलून त्यानं उपरण्यात तोंड घातलं. त्याच्या पाठीवर हात ठेवायचं धाडस मला झालं नाही. आत जाऊन सिस्टरला म्हणालो, "लावा."

"आबा, पोर गयी ते तुमन्हा माथे," विहीणबाई म्हणाल्या.

"माझ्या माथी."

सिस्टरनं नळी लावली. नात नळी ओढायची, म्हणून तिच्या मुठी धरून बसलो. नजर पोटावर. उडतंय. उडतंय. थांबलं का? नाही, उडतंय. मधेच बायकोचा मास्क डोळ्यांपुढे यायचा आणि मी हाक मारायचो, "सिस्टर!" शेवटी ती वैतागली. "आबा, आता तुम्हालाच टाकते एखाद्या खाटेवर." विहीणबाई भिंतीकडे तोंड करून बसलेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नात रडली. आदल्या दिवशी तिला रडायलाही दम नव्हता. आता वॉर्ड डोक्यावर घेतला. विहीणबाई उठल्या, कुठून तरी चहा घेऊन आल्या आणि माझ्याकडे न बघता ग्लास पुढे केला. "प्या. तोंड उतरी गयं शे तुमनं."

आता नात रांगते, माझी चप्पल तोंडात घालते. तरी रोज संध्याकाळी मी तिचं झबलं वर करून पोट बघतो. सून ओरडते, "आबा, झाका ना, गारठा लागेल तिला."

झाकतो. ती आत गेली की परत बघतो.