सुमनमावशी आणि गच्चीवरचं पिंप

सुमनमावशी कुणाच्याही घरी गेल्या की चपला काढून थेट स्वयंपाकघरात शिरायच्या आणि गॅस बारीक करायच्या. आधी गॅस, मग खुशाली. ‘‘उकळी आली की! आता कुणासाठी जाळालीस?’’ असं त्यांनी माझ्या बायकोला पहिल्याच भेटीत विचारलं होतं. निवृत्त मुख्याध्यापिका, गळ्यात तुळशीची माळ, अंड्याच्या केकलाही न शिवणाऱ्या. सोलापुरातल्या आमच्या इमारतीत त्यांचं घर गच्चीच्या बरोबर खाली होतं.

त्याच गच्चीवर मी स्मोकर आणला. स्मोकर म्हणजे झाकणाचं लोखंडी पिंप. तळाशी कोळसा, वर जाळीवर मांस, आणि तासन्‌तास मंद धूर. निवृत्तीनंतर काहीतरी छंद लावून घ्या, असं डॉक्टर म्हणाले होते. त्यांच्या मनात बहुधा सकाळचं फिरणं असावं. दुकानात लहान आणि मोठी अशी दोन पिंपं होती. घरात आम्ही दोघंच, म्हणून मी मोठं घेतलं. कोळसाही वखारीतला नको, मॉलमधला, रंगीत पिशवीतला. महिनाभरात बायको म्हणाली, ‘‘जेवढ्याचा कोळसा जाळला तेवढ्याचं मटण आणलं असतं तर अख्खी गल्ली जेवली असती.’’

पण माझी जीभ आवरेल तर शपथ. लेकीचे सासू-सासरे लग्नानंतर पहिल्यांदाच जेवायला येणार होते आणि मी फोनवर सांगून बसलो, ‘‘आमच्या हातची धुरातली कोंबडी खाऊनच बघा.’’ लेक काकुळतीला आली. ‘‘बाबा, माझ्या सासरी तुमची फजिती नको.’’ बायकोनं तर फजिती झाल्यास पिंप भंगारात जाईल, असं जाहीरच केलं.

रविवारी सकाळी मी अख्खी पिशवी एकदम पेटवली आणि दर पाच मिनिटांनी झाकण उघडून पाहू लागलो. अकरा वाजता कोंबड्या आतून कच्च्या होत्या आणि कोळशाची राख झाली होती. हाताशी उरले जुन्या पिशव्यांतले पाटीभर खडे आणि चुरा. वखार बंद. पाहुणे जिन्यात.

तेवढ्यात मावशी नाकाला पदर लावून वर आल्या. मला वाटलं, आता धुरावरून बोलणी बसणार. त्यांनी पिंपात डोकावून पाहिलं.

‘‘काय करालास रे हे? चार माणसांच्या भाताला कुणी लग्नाचं पातेलं चढवतं का?’’

टाकीच्या कामातून उरलेल्या विटा त्यांनी मला पिंपात रचायला लावल्या, म्हणजे तापवायची जागाच अर्धी झाली. उरलेला कोळसा कडेनं ओळीत मांडायला सांगितला आणि एकाच टोकाला निखारा ठेवायला लावला. ‘‘डासांची कॉइल बघितलीस की न्हाय? सगळी एकदम पेटवतोस का?’’ हवा आत जाणारी खालची भोकं बोटभर उघडी ठेवली. मग खुर्ची मागवून त्या पिंपाशेजारी बसल्या, हातात फूटपट्टी. मी झाकणाकडे सरकलो की बसायचीच. ‘‘उघडलंस की तुझा कोळसा वाऱ्याला जेवू घालालास. जा खाली, पाहुण्यांशी बोल. तेवढं तरी जमतंय का बघ.’’

व्याह्यांना मी शेंगाचटणी आणि गप्पांवर अडीचपर्यंत तगवलं. अडीचला कोंबड्या खाली आल्या. हाडापासून सुटत होत्या. व्याही बोटं चाटत म्हणाले, ‘‘लई भारी!’’ लेकीच्या चेहऱ्यावर जे सुटल्यासारखं हसू आलं, ते मला अजून दिसतं. मावशी मात्र ‘‘मला कामं हायेत की’’ म्हणत निघून गेल्या होत्या.

त्यानंतर मी रंगीत पिशवी सोडली, वखारीतला बाभळीचा कोळसा आणू लागलो, आणि मावशींना आपला छंद आवडतो अशी माझी ठाम समजूत झाली. धुराचा दिवस असला की मुद्दाम त्यांना हाक मारायचो. त्या यायच्या, लांबून बघायच्या, ‘‘भोकं बारीक कर’’ म्हणायच्या आणि जायच्या.

यंदा थंडीत मावशी गेल्या. भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या सुनेनं सांगितलं, ‘‘त्या रविवारी आत्यांनी घरी येऊन दोनदा डोक्यावरून अंघोळ केली. मांसाच्या वासानं ओकाऱ्या झाल्या. संध्याकाळपर्यंत पाण्याचा थेंब पोटात ठरला न्हाय. मी म्हटलं, कशाला बसला होता तिथं? तर म्हणाल्या, पोरीचं सासर हाय गं.’’

त्या ओकत होत्या तेव्हा मी खाली व्याह्यांच्या शेजारी बसून, ‘सगळं कसब हातात असतं’ असं सांगत तिसऱ्यांदा वाढून घेत होतो.