अल्याडचे गार्ड, पल्याडचे गार्ड

गार्डच्या नोकरीत पगार मिळतो तो काही घडू नये म्हणून. त्यामुळे चुकून काही घडलंच, तर ते कोणी विसरत नाही. पाटणबोरीच्या टपरीवर आमच्यातले दोघं भेटले की चहा येईपर्यंत ड्यूटीचं बोलणं होतं, आणि चहा थंड होईपर्यंत किस्से. मी पांढरकवड्याच्या एका सिक्युरिटी एजन्सीत फील्ड ऑफिसर आहे. म्हणजे मोटारसायकलवर फिरायचं आणि गार्ड खुर्चीत आहे की खुर्ची एकटीच आहे, ते पाहायचं.

*

आमचे मालक वानखडे साहेब. फौजेतून रिटायर झालेले. कापसाचा सीझन आला की जिनिंगवाल्यांना गार्ड पाहिजेत, आणि आमच्याकडे माणसं कमी. पैनगंगेच्या पलीकडे, तेलंगणात, आदिलाबादला राजन्ना नावाच्या गृहस्थांची अशीच एजन्सी आहे. अडल्या वेळी एकमेकांना गार्ड द्यायचे, हे ठरवायला राजन्ना आमच्या ऑफिसात आले.

आता बोलायचं कसं? साहेबांची हिंदी छावणीतली, राजन्नांची सिनेमातली. दोन्ही हिंदींची एकमेकींशी ओळखच नव्हती. शेवटी कळलं की राजन्नांसोबत आलेला धनसिंग पवार बंजारा आहे, आणि आमच्या दारावर उभा असलेला हिरामण राठोड दिग्रसकडच्या तांड्यावरचा. नदीच्या दोन्ही काठांना बंजाऱ्यांची गोरबोली एकच. मग साहेब मराठीत सांगणार, हिरामण ते धनसिंगला गोरबोलीत, आणि धनसिंग राजन्नांना तेलुगूत.

साहेबांनी विचारलं, "ड्यूटी आठ तासाची का बारा?"

हिरामण आणि धनसिंग बोलायला लागले. बोलले, हसले, परत बोलले. शेवटी उठून दोघांनी गळाभेट घेतली.

साहेब म्हणाले, "काय म्हणून राह्यले ते?"

"आठ, साहेब."

"एवढं बोलले अन् फक्त आठ?"

"बाकीचं माह्या पोरीचं होतं," हिरामण म्हणाला. "त्याईचा पोरगा आदिलाबादले शिकवणीचे वर्ग घेते. गोत जुळते."

साहेबांनी राजन्नांकडे पाहिलं. "बरं. आता जरा आमचंही जुळवा."

*

पहिल्या खेपेला तिकडून रामुलू आला. शांत माणूस, मराठीचा एक शब्द येत नव्हता. त्याला जिनिंगच्या फाटकावर ठेवला.

एका दुपारी कापसाचा ट्रक रिव्हर्स येत होता. मागं झाडायला असलेली कमलाबाई वाकून सांडलेला कापूस गोळा करत होती, आणि ड्रायव्हरला ती दिसत नव्हती. रामुलूनं पाहिलं आणि दोन्ही हात वर करून ओरडत धावला, "आगु, आगु!"

तेलुगूत आगु म्हणजे थांब. हे आम्हाला नंतर कळलं. जिनिंगमध्ये मात्र 'आग' या शब्दाएवढी भीती दुसऱ्या कशाचीच नाही. ड्रायव्हरनं ब्रेक मारला आणि खिडकीतूनच बाहेर पडला. मजूर रेतीच्या बादल्या घेऊन आले. कोणीतरी पाइप सोडला, आणि अख्ख्या ट्रकचा कापूस ओला झाला.

मॅनेजर इतका संतापला की आमचं कामच जायची वेळ आली. रामुलू फाटकाबाहेर दगडावर बसून डोळे पुसत होता. आपण काय चुकलो, हे त्याला समजतही नव्हतं. तेवढ्यात कमलाबाई आली. ट्रकचं मागचं चाक आणि तिचा झाडू यांत हातभराचं अंतर उरलं होतं, ते तिनं मॅनेजरला हात धरून दाखवलं.

"साहेब, कापूस वाळते," ती म्हणाली. "मी वाळली असती का?"

दुसऱ्या दिवसापासून रामुलूच्या जेवणात तिच्याकडचा ठेचा आणि भाकर सुरू झाली. तो पहिला घास खाऊन पाण्याकडे धावायचा, आणि परत येऊन दुसरा घास घ्यायचा.

*

त्याच्या बदल्यात आमचा पुंडलिक आदिलाबादला गेला. हा कळंबचा. जेवायला एका बाईंच्या खानावळीत. बाई तेलुगू, पण माया फार.

महिन्यानं परत आला तेव्हा वर्दीची वरची दोन बटणं लागत होती, खालची तीन लागत नव्हती.

साहेब म्हणाले, "काबे, ड्यूटीवर गेलता का सासुरवाडीले?"

"साहेब, माही काय गलती? पोट भरलं की मी संगच्या गार्डले म्हणो, चला, चला. अन् ते बाई आणखी भात वाढे."

धनसिंगनं नंतर उलगडा केला. तिकडं 'चाला' म्हणजे पुष्कळ.

"मंग तू 'नाही' काहून नाही म्हटलं?" साहेबांनी विचारलं.

"अन्नाले नाही कसं म्हणावं?"

*

नवरात्रात केळापूरला देवीच्या दर्शनाला तेलंगणातून खूप लोक येतात. त्या रांगेवर मी मुद्दाम रामुलूला लावला. पहिल्या दिवशी तक्रार आली, की हा तेलुगू बोलणाऱ्या म्हाताऱ्यांना सावलीच्या रांगेत बसवते आणि आपल्या म्हाताऱ्या उन्हात.

मी त्याला समजावलं. त्यानं मान हलवली. काय समजला, देवीलाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी गेलो तर उन्हाच्या रांगेत एकही म्हातारी नाही. सावलीत पांढरकवड्याच्या बाया गर्दी करून बसलेल्या, आणि आमच्या शेजारची काकू मागच्या बाईला शिकवून राह्यली, "लय काही नाही लागत वं. त्याले फक्त 'अण्णा, एंडा' म्हणाव. एंडा म्हणजे ऊन."

*

हिरामणच्या पोरीचं लग्न खरंच ठरलं. दिग्रसजवळच्या तांड्यावर. नवरीकडून आमची एजन्सी, नवऱ्याकडून राजन्नांची. दोन्हीकडचे बहुतेक गार्ड वऱ्हाडी! मग ड्यूटी कोण करणार? वानखडे साहेबांनी पेटीतून जुनी टोपी काढली आणि स्वतः जिनिंगच्या फाटकावर उभे राहिले.

नेमके त्याच दिवशी जिनिंगचे शेठ नागपूरहून आले. त्यांनी साहेबांना फक्त फोनवर ऐकलेलं. साहेबांनी गाडी अडवली, डिक्की उघडायला लावली, ओळखपत्र मागितलं. शेठनं आत जाऊन मला फोन केला. मला वाटलं, आता गेलो.

"तुमचा तो म्हातारा गार्ड," शेठ म्हणाले, "असा माणूस आजवर नाही पाहिला. बाकीचे काढा अन् त्याले कायमचा ठेवा."

मी साहेबांना निरोप दिला. ते बराच वेळ मिशीतल्या मिशीत हसत होते.

"त्याईले सांग," ते म्हणाले, "तो म्हातारा फक्त लग्नसराईत मिळते."

*

लग्नाच्याच दिवशी दुपारी पुलाजवळच्या एका गोदामातून तांब्याची वायर घेऊन एक जण पळाला. तिथं पुंडलिक होता, तो मागं धावला. चोर निघाला पैनगंगेच्या पुलाकडे. आमचं आणि राजन्नांचं ठरलेलं होतं, की पळणाऱ्याला पलीकडच्यानं अडवायचं. मी राजन्नांना फोन केला. 'चोर' आणि 'पूल' एवढं त्यांना समजलं. रामुलू आता परत त्यांच्याकडे, पुलापलीकडच्या ड्यूटीवर होता; त्यांनी त्याला पाठवलं.

थोड्या वेळानं पुंडलिकचा फोन आला. धाप लागलेली. "पकडला. पुलाच्या मधोमध. एक हात माह्याजवळ, एक रामुलूजवळ."

मी म्हटलं, "शाब्बास. कोणत्या ठाण्यात द्याचा ते दोघं ठरवा. मी निघालो."

पोचलो तर पुलाच्या अलीकडच्या टोकाला पुंडलिक एकटाच बसून पाणी पीत होता. चेहऱ्यावर समाधान.

"चोर कुठं आहे?"

"रामुलूजवळ. त्याचं ठाणं जवळ पडते म्हणे. मले म्हणे, तुम्ही वापस जा."

"तुले तेलुगू कधीपासून समजते?"

"मले कुठं समजते? मधात सांगणारा होता नं. मराठी, तेलुगू, दोन्ही फर्डं बोलते."

मी तिथूनच राजन्नांना फोन लावला.

"चोर?" राजन्ना म्हणाले. "चोर आपके पास. रामुलू वापस आ गया."

"रामुलू को किसने बोला वापस जाने को?"

पलीकडं तेलुगूत थोडं बोलणं झालं.

"चोर बोला."

मी फोन ठेवला. पुंडलिक माझ्या तोंडाकडे पाहत होता.

"अन् वायर?" मी विचारलं.

"ते त्यानंच उचललं," पुंडलिक म्हणाला. "मले म्हणे, भाऊ, तुम्ही लय धावले. आता ओझं कायले उचलता?"